एकशे चौसष्ट नंबरचं लाकूड

एल्व्हा पास्को काम करताना कधी बसत नसे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा नाही. तिच्या शेडमध्ये एक खुर्ची होती, पण ती माझ्यासारख्या बडबड करायला येणाऱ्यांसाठी. मी, म्हणजे गावाची हॅडोबाई, सिडनीपासून दूर मिर्राबुलच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं आणि त्यातली एकतीस तिच्या शेजारी राहिले, त्यामुळे त्या खुर्चीचं बैठकीचं कापड बरंचसं मीच झिजवलं असेन.

तिच्याकडे लोक जुनं लाकूड घेऊन यायचे. मोडलेल्या पाळण्याचा कठडा, चर्चमधल्या बाकाचा हात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आजोबांच्या, पणजोबांच्या लष्करी बंदुकांचं लाकूड. आमच्या खोऱ्यात अशा बंदुका पुष्कळ. कायद्याप्रमाणे गोळी झाडणारा भाग पोलीस ठाण्यात जमा असायचा आणि उरलेली बंदूक भिंतीवर. एल्व्हा म्हणायची, "लोखंड सार्जंटकडे, लाकूड माझ्याकडे. दोघांचं बरं चाललंय."

ही विद्या ती डोंगरापलीकडच्या सरकारी बंदूक कारखान्यात शिकली. एकेचाळीस साली, अठराव्या वर्षी ती तिथं लागली. पुरुष लढाईवर गेले होते आणि लाकूड बसवायच्या खात्यात दीडशे नंबरापासून पुढची कामाची सगळी बाकं मुलींची होती. एल्व्हाचा नंबर एकशे एकाहत्तर. लोखंडाला काजळी आणि तेलाचा पातळ हात द्यायचा, त्यावर लाकूड दाबायचं, उचलायचं. काळं जिथं उमटलं तिथं लाकूड जास्त. तेवढंच पटाशीनं काढायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. काळं सगळीकडे सारखं उमटेपर्यंत हेच करत राहायचं. मग बाकाचा नंबर आतल्या बाजूला ठोकायचा, जिथं बंदूक उघडल्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

पंचेचाळीस साली एका शुक्रवारी मुकादम म्हणाला, "पोरींनो, पटाश्या जमा करा आणि घरी जा. तुमचे नवरे परत येतायत." एल्व्हानं विचारलं, "माझा अजून ठरलेलाही नाही, तो कुठून परत येतोय?" मुली हसल्या. मुकादम हसला नाही. तिनं पटाशी जमा केली नाही. ॲप्रनच्या खिशात घालून ती फाटकातून बाहेर पडली, आणि पहारेकऱ्यानं "खिशात काय?" म्हटल्यावर "चार वर्षं" असं उत्तर दिलं. ती पटाशी मी पाहिली आहे. धार लावून लावून बोटभर उरली होती.

आता क्लबच्या बंदुकीबद्दल. मिर्राबुलच्या माजी सैनिकांच्या क्लबात काचेच्या पेटीत एक बंदूक असते. दरवर्षी पंचवीस एप्रिलला, लढाईत गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, पहाटे ती स्मारकापाशी नळी खाली करून उभी करतात, दस्त्यावर सैनिकाची टोपी ठेवतात, आणि गाव तिच्याभोवती गप्प उभं राहतं. बंदुकीचं लोखंड पहिल्या महायुद्धातलं. लाकूड मात्र बेचाळीस साली त्या कारखान्यात बदललेलं, कोचवुड नावाचं आमच्याच किनाऱ्याकडचं गुलाबीसर लाकूड.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकमध्ये, क्लबचा अध्यक्ष होता डेस क्रॉथर. डेस माझा विद्यार्थी. वर्गात हात वर करण्यात पहिला, उत्तर येवो न येवो. मनानं वाईट नाही. पुराच्या वेळी स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानातले पंप त्यानं घरोघर नेऊन दिले होते. पण आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी मी त्या खुर्चीवर बसले असताना डेस ब्लँकेटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आला.

"एल्व्हा, दोन मिनिटांचं काम आहे. नुसती सही हवीय."

"लाकडावर सही करत नाही मी."

"अगं, कागदावर! बाई, तुम्ही पण बघा." त्यानं ब्लँकेट उघडलं. "पुढचं लाकूड चिरलंय. मी पॉलिश करायला घेतली तर हातातच फाकलं. सडलंय आतून. बेचाळीसचा माल, घाईत बनवलेला. तुला तर माहीतच आहे तेव्हा कुणाकुणाला कामाला घेतलं होतं."

"कुणाकुणाला घेतलं होतं?" एल्व्हानं विचारलं.

डेसला थोडं उशिरा कळलं. "तसं नाही गं म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचंय?"

"हे बघ, कमिटीच्या रजिस्टरात मी नोंद केलीय: लाकूड मुळात निकृष्ट, सडलेलं, बदलणे आवश्यक. अक्रोडाच्या लाकडाचा नवा संच मागवलाय. सिडनीहून कर्नल येणार आहेत यंदा, त्यांच्यासमोर ही लक्तरं नकोत. पण ती म्हातारी मंडळी जुनं टाकू देत नाहीत. तू लिहून दिलंस की सडलंय, तर कुणी तोंड उघडणार नाही."

एल्व्हानं चष्मा लावला. पुढचं लाकूड सोडवून घेतलं, उलटं केलं. मागच्या टोकापासून वीतभर चीर गेली होती आणि तिच्यात दुकानातला झटपट डिंक ओतलेला होता. तो वाळून मण्यांसारखा बाहेर आला होता.

"हे चिकटवायला कुणी सांगितलं?"

"तात्पुरतं केलं."

तिनं नखानं एक मणी उडवला. मग आतल्या बाजूला, धक्का पेलायला बसवलेल्या तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्यांच्या शेजारी, बोट थांबवलं. तिथं आकडे ठोकलेले होते. एक, सहा, चार.

"तुझा नंबर?" मी विचारलं.

"माझा नाही. सहा-सात बाकं पलीकडची कुणीतरी." ती लाकूड खिडकीपाशी घेऊन गेली. पटाशीनं चिरेच्या कडेचा केसाइतका पापुद्रा काढला, हुंगला आणि माझ्या नाकाशी धरला. साखर करपताना येतो तसा गोड वास आला, एकोणसाठ वर्षांनी.

"सडलेल्या लाकडाला असा वास येतो, डेस?"

"वासावरून काय ठरतं?"

"चिरेवरूनही ठरतं. ही चीर पिळून पडलीय. दस्ता काढताना तू काय केलंस?"

"काय करणार? स्क्रूड्रायव्हर घातला आणि फिरवला."

"पुढचं लाकूड आधी सोडवलंस?"

डेसनं घड्याळाकडे पाहिलं. "मला दुकान उघडायचंय. तू सही करतेस की नाही?"

"नाही."

"मग लाकूड दे परत."

"दस्ता आणि लोखंड घेऊन जा. पुढचं लाकूड इथं राहील."

"ते क्लबच्या मालकीचं आहे!"

"मग क्लबला सांग न्यायला ये म्हणून. सगळ्यांनी या. चहा देईन."

डेस माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी समजवा हिला." मी शाळेत ज्या नजरेनं त्याला खाली बसवायची तीच नजर वापरून पाहिली. पन्नाशीच्या माणसावर ती फारशी चालत नाही. पण तो गेला.

त्या लाकडात नेमकं काय घडलं होतं ते एल्व्हानं मला कागदावर काढून दाखवलं. या बंदुकीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागे दस्ता आणि पुढे नळीखालचा लांब भाग. दस्त्यातून एक लांब स्क्रू आरपार जातो आणि त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या तोंडातल्या पट्टीत अडकतं. म्हणून आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच स्क्रूला हात लावायचा. उलटं केलं तर ते चौकोनी टोक लाकडाच्या तोंडातच फिरतं आणि त्याचा जबडा फाडतं. "बाहेरून दिसत नाही ना," ती म्हणाली. "म्हणून प्रत्येक शहाणा माणूस एकदा तरी हे करतो. मीही केलंय, पहिल्याच आठवड्यात. मुकादमानं सगळ्या खात्यासमोर सांगितलं, आणि मी सगळ्या खात्यासमोर म्हटलं, हो, मी फोडलं. त्यात मेले नाही."

"मग त्याच्यावर एवढी का चिडलीस?"

"फोडलं म्हणून चिडले नाही. त्या रजिस्टरात त्यानं एका बाईला कामचुकार ठरवलंय. ती कोण होती मला आठवत नाही, हॅडोबाई. जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. पण ही काजळी बघ, अजून खाचेत आहे. किती सारखी उमटलीय. हे घाईचं काम नाही."

दुरुस्तीला सतरा दिवस लागले. आधी तो डिंक खरवडणं. मग चिरेत मुरलेलं साठ वर्षांचं तेल बाहेर काढणं, कारण तेलकट लाकूड सरस धरत नाही. त्यासाठी तिला खडूची भुकटी हवी होती. माझ्याकडे निवृत्तीच्या वेळी आणलेली खडूची चार खोकी पडून होती. कुटून, स्पिरिटमध्ये कालवून, चिरेत भरून लाकूड पत्र्यावर उन्हात ठेवायचं. संध्याकाळी तो पांढरा लेप तपकिरी झालेला असायचा. तो झाडून पुन्हा नवा. असं अकरा वेळा केल्यावर लेप पांढराच राहिला. तेव्हा तिनं सरस भरला, आडवा एक बारीक पितळी स्क्रू दिला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी लाकूड इतकं घट्ट आवळलं की मलाच गुदमरल्यासारखं झालं.

"वरून पॉलिश पेपर मारणार?" मी विचारलं.

"खबरदार! पेपरनं लाकूड घासलं की ते लोखंडाच्या खाली बसतं. मग आयुष्यभर उसन्या सदऱ्यासारखं दिसतं." पोचे काढायला ती ओलं फडकं आणि गरम इस्त्री वापरायची. वाफेनं लाकूड आपोआप वर यायचं. शेवटी तळहातानं अळशीचं तेल.

दरम्यान क्लबकडून दोन पत्रं आली. पहिलं विनंतीचं होतं, दुसऱ्यात "बेकायदा ताबा" असा शब्द होता. दुसरं तिनं तेलाच्या डब्याखाली घातलं. सार्जंट बाई येऊन गेली. तिनं लाकूड पाहिलं, पटाशी पाहिली, भोपळ्याचे दोन स्कोन, म्हणजे छोटे पाव, खाल्ले आणि म्हणाली, "लाकडासाठी परवाना लागत नाही, मिसेस पास्को. मला काही दिसलं नाही."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोनला सभा होती. क्लबच्या सभेत बोलायचा हक्क फक्त पूर्ण सभासदांना, म्हणजे गणवेशात सेवा केलेल्यांना. कारखान्यातली चार वर्षं त्यांच्या हिशेबी सेवा नव्हती. बायका मागच्या बाजूला चहाच्या टेबलाशी. एल्व्हानं तीस वर्षं त्या टेबलासाठी लॅमिंग्टन केक करून नेले होते. त्या दिवशी तिनं केक नेले नाहीत. पिठाच्या पिशवीत लाकूड गुंडाळून नेलं आणि सरळ पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

टेबलावर डेसनं नवा अक्रोडाचा संच चढवलेली बंदूक ठेवली होती. चकचकीत, नुकतीच दाढी केलेल्या माणसासारखी. "मंडळी, विषय एकच," तो म्हणाला. "जुनं सडलेलं लाकूड रद्द करणं. आक्षेप?"

"आहे," एल्व्हा म्हणाली.

"एल्व्हा, तू सभासद नाहीस. नियम आहे."

तेव्हा कीथ मॅकलर्ग काठीवर रेलून उठला. ब्याऐंशी वर्षांचा, न्यू गिनीत पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारा माणूस. "प्रत्येक सभासदाला पाच मिनिटं, हाही नियम आहे ना?"

"आहे."

"मग ही माझी पाच मिनिटं. मी त्यात खोकू शकतो, शिट्टी वाजवू शकतो किंवा हिला बोलायला लावू शकतो. एल्व्हा, सुरू कर. मला खोकला यायच्या आत."

लोक हसले. एल्व्हानं भाषण केलं नाही. ती टेबलाशी गेली, तिथला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि डेसच्या हातात दिला.

"दस्ता कसा काढलास ते दाखव फक्त."

"आत्ता?"

"नवं लाकूड आहे, सडलेलं नाही. घाबरतोस कशाला?"

डेसनं सगळ्यांकडे पाहिलं. मग बंदूक उभी धरली, दस्त्याच्या टोकाचं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर आत सोडला आणि मनगट फिरवायला घेतलं. कीथनं श्वास आत ओढला तो मला मागे चहाच्या टेबलाशी ऐकू आला. एल्व्हानं आपला हात डेसच्या मनगटावर ठेवला.

"बस. आता हेही फोडशील. बनवणाऱ्यानं तुझं काय वाकडं केलंय?"

"पुढचं लाकूड आधी काढ, गाढवा!" कीथ ओरडला. "पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो मी हे!"

मग तिनं पिशवी सोडली. जुनं लाकूड पहिल्या रांगेच्या हातात दिलं आणि सोबत कागदाच्या पुडीत ठेवलेले ते पापुद्रे. लोक चिरेवरून अंगठा फिरवत होते, पापुद्रे हुंगत होते. कुणीतरी म्हणालं, "टॉफी!" लाकूड शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आलं. नवा संच परत पाठवायचा, जुनं लाकूड ठेवायचं, असा ठराव झाला. डेस सोडून सगळे हात वर होते.

मला वाटलं, संपलं. एल्व्हानं विचारलं, "आणि रजिस्टर?"

"त्याचं काय?" डेसचा चेहरा विटेसारखा झाला होता. "झाला ना ठराव?"

"त्यात 'निकृष्ट, सडलेलं' लिहिलंय. ते खोड."

"रजिस्टरातली नोंद खोडता येत नाही."

"मग खाली खरी नोंद लिही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी... कोण वाचतं ते रजिस्टर?"

"मी वाचते," एल्व्हा म्हणाली. तिनं लाकूड पुन्हा पिशवीत गुंडाळलं. "लिहून होईपर्यंत हे लोखंडाला लागणार नाही. नवं लावून बंदूक उभी करायची असेल तर करा. आता खरं काय ते सगळ्यांना माहीत आहे."

ती मधल्या वाटेनं बाहेर गेली. तिला कुणी अडवलं नाही.

पुढचे पंधरा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. ईस्टरला चर्चबाहेर तिला समजावायला लोक रांगेनं उभे होते. म्हातारी हट्टाला पेटलीय, शहिदांच्या दिवशी खोडा घालतेय, असंही बोललं गेलं. तिच्या कुंपणाच्या खांबावर कुणीतरी खडूनं "लाज वाटू दे" असं लिहिलं. तिनं अक्षर निरखून मला विचारलं, "तुझ्या वर्गातलं आहे का?" मी ओळखलं होतं, पण सांगितलं नाही.

मीही एकदा घसरले. म्हटलं, "एल्व्हा, जिंकलीस तू. सगळ्यांनी पाहिलं. आता दे लाकूड. एका ओळीसाठी त्या दिवसाचा विचका नको."

ती एका स्टुलाचा पाय खरवडत होती. हात थांबला नाही. "पाहिलेली माणसं दहा वर्षांत मरतील, हॅडोबाई. कीथ तर पाचात. रजिस्टर राहील. उद्या कुणी पोर ते उघडेल आणि वाचेल, की बेचाळीसच्या बायकांनी सैनिकांच्या हातात सडकं लाकूड दिलं. तू शिक्षिका आहेस ना? फळ्यावर चुकीचं ठेवून घरी जायचीस?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तेवीस तारखेला, सोमवारी सकाळी दहा वाजता, डेस आला. दुकानाचा ॲप्रन तसाच, एका काखेत रजिस्टर, दुसऱ्यात जुन्या दस्त्यासकट बंदुकीचं लोखंड. मी उठून निघाले तर एल्व्हा म्हणाली, "बस. साक्षीदार हवा."

डेसनं रजिस्टर बाकावर उघडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. अक्षर अजून सुरेख होतं. एल्व्हानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: "'मागील नोंद चुकीची. लाकूड उत्तम स्थितीत होते. चुकीच्या पद्धतीने उघडल्यामुळे चिरले.' बरं. आता खाली लिही, लाकूड बसवणाऱ्या कामगाराचा नंबर एकशे चौसष्ट."

"नाव काय?"

"ठाऊक नाही."

"मग नुसता आकडा?"

"आकडा. आणि त्यापुढे 'काम चोख'."

त्यानं लिहिलं. पेन टोपणात घालता घालता थांबला. "माझं नाव लिहायला नाही सांगितलंस."

"मला नकोय ते. मला तिची ओळ हवी होती."

डेसनं पेन पुन्हा टोपणातून काढलं. मग वाकून आणखी एक ओळ लिहिली, सही केली आणि रजिस्टर तिच्याकडे वळवलं. 'उघडणारा: डी. क्रॉथर.' एल्व्हानं ते वाचलं आणि नुसतं "हं" म्हटलं.

"कर्नल येतायत त्या दिवशी पुढच्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो," डेस म्हणाला. "आणि कमिटी म्हणतेय, तुला मानद सभासद करू या."

"मानद नको. कारखान्यातली चार वर्षं सेवा म्हणून धरा, मग सभासद होते. माझ्या एकटीची नाही. दीडशेपासून पुढच्या सगळ्यांची."

"तसा नियम नाही, एल्व्हा."

"आज नाही," ती म्हणाली, आणि काजळीची बशी पुढे ओढली. "आता उभाच आहेस तर ही नळी धर. घट्ट. दुकान राहू दे बंद तासभर."

डेसनं नळी दोन्ही हातांनी धरली. तिनं काजळीचा हात फिरवला, लाकूड दाबलं, उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि त्याचा हात अर्धा इंच वर सरकवला.